शेवटचं ‘नही’

सुलक्षणाचा वडिलांवर एकच राग होता: लोटन आबांना सांगितलेलं एकदा ऐकून भागत नसे. भुसावळला रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये अडतीस वर्षं काढलेला माणूस. निरोप आला की तो शब्दन्‌शब्द परत म्हणायचा आणि वर विचारायचा, “बरोबर शे का?” घरात कोथिंबीर आणायला सांगितली तरी तेच.

आता ती जळगावात मेहरूणला राहणारी इंजिनिअर होती आणि दोंडाईच्यापलीकडे आपल्याच गावात परीक्षा घ्यायला आली होती. गावात मोबाइलला रेंज नाही, म्हणून शेतकरी गटाने मुठीत मावणारे रेडिओ घेतले होते. फोनवर टाइप केलेला निरोप एक रेडिओ पकडतो आणि पुढच्याकडे ढकलतो. त्यांत कोणतं फर्मवेअर, म्हणजे रेडिओचं आतलं डोकं, भरायचं हे तिला संध्याकाळपर्यंत ठरवायचं होतं. उमेदवार दोन. पहिल्याचा निरोप दीड किलोमीटर जास्त लांब पोचायचा, त्यामुळे तिने मनातल्या मनात त्याच्या गळ्यात माळ घालूनही टाकली होती. निवृत्तीनंतर गावी परतलेले आबा चाचणीत मदतीला होते; त्यांचे परत येणारे निरोप मात्र तिने ‘फुकटची गर्दी’ या रकान्यात लिहिले.

दुपारी पहिल्याचीच चाचणी चालू होती. ती शाळेच्या गच्चीवर, आबा नदीकाठी, हौदात पाणी चढवणाऱ्या मोटरपाशी, गटातल्या द्रौपदाबाई टेकडीवरच्या हौदापाशी. द्रौपदाबाईंनी निरोप धाडला आणि पाठोपाठ सवयीप्रमाणे आबांचा उलट आला:

“डोंगरकडली पाइपलाइन फुटेल शे, गुलाबभाऊ हौदमा उतरेल शे, मोटर चालू करानी. बरोबर शे का?”

लगेच द्रौपदाबाईंचं उत्तर आलं: “नही. चालू करानी नही.”

सुलक्षणाने आपल्या रेडिओवर आलेला मूळ निरोप पाहिला; तिच्याकडेही शेवटचं ‘नही’ पोचलंच नव्हतं. जळगावला टेबलावर तिने सगळ्या चाचण्या इंग्रजीत घेतल्या होत्या. मराठी अक्षर तिप्पट जागा खातं, आणि जागा संपली की पहिलं फर्मवेअर गुपचूप शेपूट कापतं. आपली भाषा तर नकार शेपटालाच बांधते. हौदात गटातला गुलाबभाऊ उतरलेला; हातात मोटरचं बटण असलेला माणूस आबा नसता, तर?

तिने दुसरं भरून तोच निरोप पाठवला. ‘निरोप मोठा आहे, तोडून पाठवा,’ असं सांगून ते जे अडलं ते अडलंच. भलतं हट्टी, पण प्रामाणिक.

संध्याकाळी गटापुढे तिने दुसऱ्याचं नाव घेतलं, स्वतःची चूक न लपवता सांगितली आणि नियम घातला: निरोप मिळाला की परत म्हणायचा. ‘फुकटची गर्दी’ खोडून तिथे ‘आबांची पद्धत’ लिहिलं. ते लिहिताना तिची मान ताठ होती.

मग मोटरपाशी बसलेल्या आबांना तिने रेडिओवरून कळवलं: “दुसरं पक्कं. नियम तुमना. माले तुमना अभिमान शे.”

आबांचा उलट निरोप आला:

“दुसरं पक्कं. नियम मना. माले तुना अभिमान शे. बरोबर शे का?”

एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच आबांनी निरोप परत म्हणताना शब्द बदलले होते. तिने डोळे पुसले आणि लिहिलं, “बरोबर शे.”