वाकड्या ओळीतले माड

मित्रांनो, मी पहार आहे. जुनी आहे, वजनदार आहे आणि आजवर कोणाच्या बापाला वाकलेली नाही. हे आधीच सांगते, कारण म्हातारी वस्तू बोलू लागली की ती रडगाणे गाणार असे तुम्ही धरूनच चालता. मी रडणारी नाही.

माझा जन्म भंगारातला. मोठ्या लढाईला निघालेल्या परदेशी फौजा आमच्या बेटांवर थांबल्या आणि जाताना आपले ट्रक समुद्रकाठी टाकून गेल्या. त्यातल्या एका ट्रकचा आस म्हणजे मी. बंदरावरच्या लोहाराने मला भट्टीत लाल केले, घणाने बडवले, एका टोकाला धार दिली आणि दुसरे टोक चपटे केले. कालोरिस नावाच्या तरण्याबांड गड्याने एक डुक्कर देऊन मला घेतले आणि होडीत घालून आपल्या बेटावर आणले.

तिथे मी काय नाही केले? कोनफळासाठी खोल खड्डे खणले, घरांच्या खांबांना जागा केली, वादळात आडवी पडलेली झाडे वाटेवरून हटवली. कालोरिसची पहार आली म्हणजे दोन माणसे जास्त आली, असे लोक म्हणत. मग कालोरिस म्हातारा झाला. सगळे गाव त्याला आबू म्हणजे आजोबा म्हणू लागले. त्याचे मुलगे बंदरावर नोकरीला गेले आणि मला परसात ठोकून माझ्या गळ्यात डुकराची दोरी अडकवण्यात आली. कामाच्या वस्तूला कामावरून काढून खुंटी करणे, याहून मोठा अपमान माझ्या माहितीत नाही. मी गंजले ती पावसाने नव्हे, रागाने.

त्या दोरीतून मला सोडवले तोमासीने. तो मिशनरी. मिशनरी म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर गोरा माणूस येतो. हा आणि त्याची बायको लुपे टोंगा बेटांवरून आलेली, आमच्यासारखीच सावळी, मुलाबाळांची माणसे. तोमासीने मला वाळूने घासले, खोबरेल चोळले आणि आबूकडे मागितले. आबू म्हणाला, "घे वापरायला. डुकराला दुसरी खुंटी बघतो."

आबूने पहारीबरोबर जमीनही वापरायला दिली. समुद्राकडच्या उतारावर लुपेने लहान मुलांची शाळा काढली. आबूची मुलगी लेइमास तिच्या हाताखाली शिकवू लागली. शाळेमागे कोनफळाचा मळा झाला आणि मुलांना दुपारी पोटभर मिळू लागले. अशी बरीच वर्षे चांगली गेली.

मग लुपेचे वडील अंथरुणाला खिळल्याची खबर आली. सगळ्या कुटुंबाने वर्षभरासाठी टोंगाला जायचे ठरले. शाळा आणि मळा लेइमासच्या हवाली करायचा होता. जाण्याआधी जमीन तयार करून ठेवायची म्हणून तोमासी मला घेऊन सकाळपासून राबू लागला. काम झकास चालले होते. बिघडली ती त्याची जीभ. प्रार्थना कोणती घे, गाणे कोणते म्हण, मुलांना कुठे बसव, ओळी किती सरळ ठेव. खड्डा खणता खणता तो लेइमासला सांगतच राही. शेवटी ती म्हणाली, "पास्टर, श्वास कधी घ्यायचा तेवढं राहिलं. तेही सांगून जा."

लुपे हसली. तोमासी हसला नाही. त्याच्या डोक्यात निरोपाची भेट घोळत होती. कोनफळे लावून झाल्यावर त्याने कोंब फुटलेले नारळ आणले आणि मळ्याच्या कडेने दोरी धरून सरळ रेषेत लावले. खड्डे मीच खणले. त्याच्या गावी ही रीतच आहे. माड न लावता जमीन सोडणाऱ्याला तिथे आळशी म्हणतात. लुपेनेही कौतुकाने पाणी घातले. पुढच्या पिढीला नारळ खायला मिळतील, या कल्पनेने दोघे खूश होती.

संध्याकाळी लेइमास तिथून गेली. तिने ओळ पाहिली आणि तडक घरी निघून गेली.

दुसऱ्या दिवशी शाळेत एकही मूल आले नाही. वाटेवर नामेले झाडाचे पान रोवलेले होते. आमच्याकडे हे पान दिसले की पुढे पाऊल टाकायचे नाही. कोणी ओरडत नाही, पण वाट बंद होते. बोट दोन दिवसांवर आली होती आणि ज्या शाळेसाठी दोघांनी तारुण्य घातले, ती त्यांच्या डोळ्यांदेखत बंद पडली होती.

तोमासी मला खांद्यावर टाकून तसाच आबूच्या दारी गेला. मागून लुपे आली. आबू चटईवर बसला होता. त्याने बसा म्हटले नाही.

"आबू, माझं चुकलं काय?" तोमासीने विचारले.

"कोनफळ लावलंस तोवर तू पाहुणा होतास," आबू म्हणाला. "कोनफळ वर्षात खाऊन संपतं. माड माझ्या पणतूच्या काळातही उभा असतो. इथे ज्याचा माड त्याची जमीन. उद्या तुझा पोरगा बोटीतून उतरेल आणि म्हणेल, ही ओळ माझ्या बापाची."

"मी तुमच्याच मुलांसाठी लावले. माझ्या गावी झाड लावणं पुण्याचं आहे."

"मग तुझ्या गावी लाव."

तोमासीचे तोंड उतरले. इतकी वर्षे राबलो, त्याचे हेच फळ का, असे काहीतरी तो पुटपुटला. आबू म्हणाला की राबलास हे कोण नाकारतो, पण राबण्याचा मोबदला म्हणून जमीन मागू नकोस. मागितली नाही, असे तोमासी म्हणणार होता. लुपेने त्याचा दंड धरून त्याला बाहेर आणले.

वाटेत ती जे बोलली ते मी त्याच्या खांद्यावरून ऐकले. "माडांचं सोड. शाळाही तू तशीच लावतोयस. लेइमासच्या हातात देतोस आणि मूठ उघडत नाहीस. ती पोरगी तुझ्या सावलीत वर्षभर कशी उभी राहील?"

तोमासी रस्त्यातच थांबला. मग चालू लागला तो थेट मळ्याकडे.

मित्रांनो, खणणे मला ठाऊक होते. स्वतः लावलेले स्वतः उपटायला मला कोणी कधी लावले नव्हते. भर दिवसा, सगळे गाव बघत असताना, त्याने मला एकेका रोपाखाली घातले आणि मूळ न दुखावता ते वर काढले. खाली मान घालून काढले, पण काढले. रोपे झापाच्या टोपलीत घालून त्याने आबूपुढे ठेवली. लुपेने माहेरून आणलेली आपली सगळ्यांत बारीक विणीची चटई त्यांच्याशेजारी अंथरली. तोमासीने मलाही टोपलीवर आडवे ठेवले.

"हे कोंब तुमचे, पहार तुमची, जमीन तर होतीच तुमची," तो म्हणाला. "मी कोनफळं तेवढी लावलीत."

आबू बराच वेळ चटईच्या विणीवरून बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "पहार माझीच होती. माझ्या डुकराला विचार."

आधी बायका हसल्या, मग पुरुष. लेइमासने मला उचलले. ती मला घेऊन उतारावर गेली, मुलांना हाक मारली आणि तिला वाटेल तिथे खड्डे खणले. एक इथे, एक तिथे, एक तर पार चिंचोळ्या बांधावर. मुलांनी आपल्या हातांनी कोंब लावले. तोमासी दोन वेळा पुढे सरसावला. त्याला ओळ दिसत होती आणि ती वाकडी होती.

"जीभ," लुपे हळूच म्हणाली.

त्याने तोंड मिटले. इतकी अवजड गोष्ट उचलताना मी त्याला कधी पाहिले नव्हते, आणि त्याच्या हातांत इतकी वर्षे मी स्वतः होते बरे का.

नामेलेचे पान आबूने आपल्या हाताने उपटले. बोट आली तेव्हा शाळेत गाणे चालले होते. ते तोमासीच्या पसंतीचे गाणे नव्हते.

ती मंडळी वर्षाने परत आली, पुढे पुन्हा गेली, पुन्हा आली. लेइमास म्हणेल तेच दोघे आता शाळेत करत. आबू गेला. मीही झिजले. आता लेइमासने मला धारेचे टोक वर करून अंगणात पुरले आहे. माझ्यावर नारळ सोलतात. वाकड्या ओळीतल्या माडांचा पहिला नारळ माझ्यावरच सोलला गेला आणि लेइमासने तो पिकल्या केसांच्या तोमासीच्या हातात दिला. "घ्या पास्टर, पाहुणे आहात," ती म्हणाली. तो पाणी प्यायला, तोंड पुसले आणि म्हणाला, "गोड आहेत तुमचे नारळ."

तुमचे. हा शब्द शिकायला त्या भल्या माणसाला एक ओळ उपटावी लागली.

म्हणून तुम्हाला सांगते. कोणाला काही द्याल तेव्हा मूठ उघडून द्या. दिलेल्यावर आपले नाव शोधत फिरणाऱ्या माणसांचा मला संताप येतो आणि तो मी लपवणार नाही. आणि तुमच्या परसात माझ्यासारखी एखादी पहार गंजत पडली असेल, तर तिला वाळूने घासा, चार थेंब तेल लावा, काम द्या. खणायला लावा, सोलायला लावा, हवे तर उपटायलाही लावा. डुक्कर मात्र बांधू नका.