तीन पाकळ्या

जनरेटर चौथ्या मिनिटाला बंद पडला, तेव्हा सकाळचे नऊ वाजून गेले होते. वर केबिनमधून दादाने विचारलं, "आपोआप बंद झाला की तू केलास?"

"आपोआप."

"म्हणजे तापला. मागच्या नळीतून पाणी पडत होतं का?"

मी बघितलं नव्हतं. बोटीचा जनरेटर बाहेरचं पाणी ओढून स्वतःला थंड ठेवतो आणि ते धुराबरोबर बाहेर टाकतो. पाणी आलं नाही की तापून बंद होतो. हे मला माहीत होतं, पण पुस्तकात वाचून.

दादाने हयातभर बोटींची इंजिनं दुरुस्त केली आणि मी हयातभर ग्रंथालयात पुस्तकं लावली. आता त्याच्या फुप्फुसांनी हात टेकले होते. नाकात नळी, नळीच्या टोकाला ऑक्सिजनचं यंत्र, आणि ते यंत्र या जनरेटरवर. दादा-वहिनी राहत ती बोट जुन्या धक्क्याला बांधलेली होती आणि तिथे विजेची सोय नव्हती. यंत्राच्या बॅटरीचे चारपैकी तीन दिवे उरले होते. पुतणीने फोनवर सांगून टाकलं होतं, "काका, मी बाराला गाडी घेऊन येते. तोवर जनरेटर चालू झाला तर ठीक, नाहीतर बाबा माझ्याकडे येतील. आता वाद नको." तिचं काही चुकत नव्हतं. पण दादाला बोटीवरच मरायचं होतं. हे तो वहिनींसमोरही बोलायचा, आज भाजी कोणती करायची ते सांगावं तसा. मुलीचं घर पाचव्या मजल्यावर. "एकदा वर नेलं," तो म्हणायचा, "की मला खाली आणतील ते एकदाच."

इंजिनच्या खोलीत उतरायला तीन पायऱ्या होत्या. त्या त्याला उतरवत नव्हत्या, म्हणून तो खोलीच्या वरच्या झाकणापाशी खुर्ची घेऊन बसला आणि मी खालीच राहिलो.

"पंडित, आधी तळाचा व्हॉल्व्ह बंद कर. नाहीतर पंप उघडलास की घरबसल्या आंघोळ."

बाहेरचं पाणी ज्या भोकातून आत येतं, त्यावरचा तो व्हॉल्व्ह. इतक्या वर्षांत त्याला दादाशिवाय कोणी हात लावला नव्हता. मी सुट्टीत मदतीला यायचो तेव्हापासूनचा नेम होता: बंद तो करणार, काम झालं की उघडणारही तोच, मोठ्याने "उघडला" म्हणणार, आणि मगच मी स्टार्टर दाबणार. आज पहिल्यांदा ते काम माझ्याकडे आलं. मी व्हॉल्व्हचा दांडा आडवा केला आणि "बंद" असं ओरडलो. मला त्याचं थोडं भूषणही वाटलं.

पाण्याच्या वाटेवरच्या गाळणीत शेवाळ आणि पिशवीचा एक तुकडा निघाला. "एवढ्याने अडत नाही. पंप उघड," दादा म्हणाला. झाकणाचे सहा स्क्रू. एक माझ्या हातून निसटला आणि तो शोधण्यात दहा मिनिटं गेली.

"भाऊजी, चहा टाकू?" वहिनींनी विचारलं.

"नको देऊस. पंपात ओतेल तो," दादा म्हणाला.

पंपाच्या आत पाणी ढकलणारं रबरी चाक असतं. त्याच्या सहा पाकळ्यांपैकी तीनच शाबूत होत्या.

"तुटलेल्या शोध. पुढे जाऊन अडकल्या असतील."

दोन वळणाच्या नळीत सापडल्या. तिसरीसाठी मी चिमटा घेऊन अर्धा तास पालथा पडलो होतो. ती मिळाली तेव्हा दादा कितीतरी दिवसांनी हसला. "हरवलेलं शोधायचं मात्र तुला जमतं. सरकारने पगार फुकट नाही दिला."

नवं चाक एकच होतं. ते त्याने खणातून काढून वहिनींच्या हाती खाली पाठवलं. साबणाचं पाणी लावून मी ते बसवलं, झाकण आवळलं. "झालं," मी म्हणालो.

"मग दाब की."

जनरेटर सुरू झाला. दादा खिडकीतून वाकून मागची नळी बघत होता. "येईल. वाट कोरडी पडलीय, पाणी चढायला वेळ लागतो." दुसऱ्या कोणाला त्याने दहा सेकंदांत बंद करायला लावलं असतं. "थांब. अजून थोडा थांब." तो थांब म्हणत होता आणि मला ते ऐकायला बरं वाटत होतं. मग जळक्या रबराचा वास आला, आणि माझी नजर खाली गेली. दांडा आडवाच होता.

मी जनरेटर बंद केला. "व्हॉल्व्ह बंदच राहिला," मी वर ओरडून सांगितलं.

"मला वाटलं, तू..." मी म्हणालो. नाकात नळी घालून खुर्चीवर बसलेला माणूस खाली येऊन व्हॉल्व्ह कसा उघडणार होता?

"मलाही वाटलं की मी उघडला," दादा म्हणाला.

नव्या चाकाच्या पाकळ्या काळ्या पडून वितळल्या होत्या. दुकानात फोन केला. माल परवा येणार होता. मी जुनं चाक परत बसवलं. तीन पाकळ्यांनी पाणी आलं, पण करंगळीएवढं. सहा मिनिटं चालून जनरेटर तापला आणि थांबला. निवायला वेळ दिला, पुन्हा लावला. पाच मिनिटं. यंत्राचे दोन दिवे राहिले, मग एक. तिसऱ्यांदा मी स्टार्टरकडे गेलो तेव्हा दादा म्हणाला, "पुरे. वर ये."

पुतणी बाराच्या आधीच आली, प्रवासापुरता ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन. तिने माझे तेलकट हात बघितले. "काय झालं, काका?"

मी बोलायला तोंड उघडलं.

"पंप गेला," दादा म्हणाला. "जुना होता. त्याला तरी काय बोलणार?"

वहिनींनी कपड्यांची पिशवी भरली. किती भरायचे ते त्यांनी विचारलं नाही, दादानेही सांगितलं नाही. मी आणि पुतणीने दोन्हीकडून धरून त्याला फळीवरून धक्क्यावर नेलं. हातात घेतल्यावर कळलं, तो किती हलका झालाय. गाडीत वहिनी मागे त्याच्याजवळ बसल्या आणि पुतणीने सिलिंडरची चावी फिरवली. बारीकसा आवाज झाला, बस. थोड्या वेळाने त्याचे ओठ पुन्हा रंगावर आले.

"काका, बसा पुढे," पुतणी म्हणाली.

मी म्हणालो, हात धुऊन मागून येतो, तुम्ही निघा.