काकूंना सांगायचं राहिलं

टेपताई घर घेतायत ही बातमी दूधवाल्याला कळली, इस्त्रीवाल्याला कळली, समोरच्या दुकानदाराने तर नव्या घरापासून बसथांबा किती लांब आहे याचीही चौकशी केली. कळली नव्हती ती फक्त खालच्या मजल्यावरच्या काकूंना. आणि काकू म्हणजे घरमालकीण. ज्यांना सगळ्यात आधी सांगायला हवं, त्याच राहिल्या होत्या. त्यांना माहीत असणारच असं धरून गल्लीतलं कुणी त्यांच्यापाशी विषय काढत नव्हतं, एवढंच नशीब.

टेपताई हे गल्लीनं ठेवलेलं नाव. बाई शिवणकाम करायची आणि तिच्या गळ्यात कायम टेप लोंबत असायची. गंमत अशी की ती टेप ती क्वचितच वापरायची. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की त्याला एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळायची, "यंदा जरा अंगानं भरलात" म्हणायची आणि कात्री चालवायची. कपडा बोटभरही चुकायचा नाही. या नजरेचा तिला गर्व होता, आणि का नसावा? नवरा बसचा ड्रायव्हर. तो म्हणायचा, "मी आरशात तीनदा बघून गाडी मागे घेतो, आणि ही न बघता कोटाची बाही बसवते."

घराचा सौदा पक्का झाला त्या दिवशी लेकीनं आईला समोर बसवलं. लेक रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती आणि सगळं वेळच्या वेळी करायचं तिला वेड होतं. "जागा सोडायच्या आधी दोन महिने नोटीस द्यावी लागते, आई. उद्याच खाली जाऊन रीतसर सांगून येऊ."

"रीतसर कशाला? परक्या आहेत का त्या? मी सांगते काकूंना," टेपताई म्हणाली.

आणि इथंच घोडं पेंड खाऊ लागलं. रोज सकाळी ती ठरवायची, आज सांगून टाकू. जिना उतरायची, काकूंच्या दारात उभी राहायची. काकू म्हणायच्या, "ये गं पोरी," आणि हिच्या तोंडून भलतंच निघायचं. कधी साखर मागून यायची, कधी हवापाण्याच्या गप्पा मारून यायची. एकदा तर काहीच सुचेना म्हणून काकूंचा चांगला धड असलेला झंपर उसवायला वर घेऊन आली.

काय करणार? लग्न होऊन ती या दोन खोल्यांत आली तेव्हा सोबत एक ट्रंक होती आणि शिलाई मशीन. नवरा पहाटेच ड्युटीवर जायचा. ओळखीचं कुणी नाही. ती दिवसभर मशीन चालवायची. काही दिवसांनी काकू तणतणत जिना चढून वर आल्या. त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, रात्रपाळी करून दिवसा झोपायच्या. "माझ्या डोक्यावर आगगाडी चालते आहे," म्हणाल्या. टेपताई रडवेली झाली. तिनं मशीनच्या पायांखाली जाड घोंगडीच्या घड्या घातल्या आणि आवाज अगदी दबला. महिनाभर गेला असेल, काकू पुन्हा वर. "काढ त्या घड्या. तू जिवंत आहेस की नाही तेच कळत नाही मला. झोप लागत नाही."

तेव्हापासून घड्या गेल्या आणि काकू आल्या. लेक झाली तेव्हा तिला पहिली अंघोळ काकूंनी घातली. टेपताईची आई गेली तेव्हा माहेराहून परत आल्यावर तिनं कुलूप उघडायच्या आधी खालचं दार वाजवलं होतं. ड्रायव्हरला बढती मिळाली तेव्हा तो स्वतः घरी पोचायच्या आत काकूंना कळलं होतं, कारण निरोपाचा फोन त्यांच्याकडेच आला होता. पुढे काकू निवृत्त झाल्या, त्यांचे यजमान वारले, मूलबाळ नव्हतंच. आता खाली त्या एकट्या होत्या. अशा माणसाला जाऊन सांगायचं की आम्ही निघालो? आणि तिच्याआधी दुसऱ्या कुणी सांगितलं तर? त्या विचारानं ती दुसऱ्या दिवशी पुन्हा जिना उतरायची.

तिकडे नव्या घराची किल्ली हातात आली. टेपताईनं ते घर पाहिलं होतं तेव्हा लेकीनं खिडक्यांची मापं घ्यायला टेप मागितली होती. टेपताईनं दिली नव्हती. "मी बघितल्या ना खिडक्या. झालं," म्हणाली. मग आठवडाभर बसून तिनं निळ्या जाड कापडाचे पडदे शिवले. शिवण अशी की आतली बाजू कुठली आणि बाहेरची कुठली ते ओळखू येऊ नये.

रविवारी तिघं पडदे लावायला गेले. ड्रायव्हर स्टुलावर चढला, पहिला पडदा दांडीवर ओवला आणि खाली सोडला. पडदा खिडकीच्या अर्ध्यावरच संपत होता. रुंदीलाही दोन्हीकडून उजेड येत होता. दुसरा लावला, तोही तसाच. तिसरा लावायची कुणी तसदी घेतली नाही.

"धुतल्यावर आटलं असेल कापड," ड्रायव्हर सावरून घेत म्हणाला.

"धुतलेलंच नाहीये," टेपताई म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. आयुष्यात तिचं माप असं कधी चुकलं नव्हतं.

लेकीनं पडदा हातात धरला, जरा वेळ बघितला. "आई, ही आपल्या खिडकीची मापं आहेत. जिथं तुझं मशीन आहे त्या खिडकीची." मग तिनं हळूच विचारलं, "काकू काय म्हणाल्या गं? तू सांगितलंस तेव्हा?"

टेपताई तिसऱ्या पडद्याची घडी घालू लागली.

"सांगितलंच नाहीस," लेक म्हणाली. ती चिडली नाही, हेच टेपताईला जास्त लागलं. "आई, त्यांनाही नवीन भाडेकरू बघायला वेळ नको का? शेवटच्या दिवशी सामान उतरवताना कळलेलं चालेल त्यांना?"

त्या संध्याकाळी टेपताई खाली गेली. काकू खाटेवर बसून वाटाणे सोलत होत्या.

"काकू, बोलायचं होतं."

"बस. चहा टाकते."

"चहा नको."

"चहा नको म्हणजे प्रकरण गंभीर दिसतंय." काकूंनी परात जरा सरकवून तिला जागा केली.

टेपताई बसली. "आम्ही घर घेतलं, काकू. पुढच्या महिन्याअखेर जागा सोडू. दोन महिने आधी सांगायचं होतं, मला उशीर झाला."

काकूंनी एक शेंग फोडली. "पडदे झाले का शिवून?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"अगं, आठवडाभर तुझं मशीन जाड कापडावर धापा टाकतंय. सुती असलं की सरसर जातं, रेशमी असलं की तू थांबत थांबत चालवतेस. हे पडद्याचं कापड. आणि पडदे न्यायला एकही गिऱ्हाईक जिना चढलं नाही. जन्मभर कानांवर पोट भरलं मी, एवढं कळणार नाही होय?"

"मग बोलला का नाहीत?"

"घर तू घेतलंस, सांगणार तू. मी मध्येच कशाला बोलू? रोज दारात यायचीस, मला वाटायचं, आज सांगेल. तू साखर घेऊन जायचीस. डबा रिकामा झाला माझा."

टेपताईला हसू आलं आणि ते अर्ध्यावरच मोडलं. "मला वाटलं, तुम्हाला धक्का बसेल."

"बसला ना. आठवडा झाला बसून." काकू हे अगदी सहज म्हणाल्या आणि खाली बघून पुढची शेंग शोधू लागल्या. ती परातीत समोरच होती, पण त्यांना लवकर सापडेना.

"काकू, मला त्या घराचा आनंदच होत नाहीये." टेपताई एकदम बोलून गेली. "यांना झाला, पोरीला झाला. मला काही होत नाही. कुलूप उघडलं तरी नाही. काही चांगलं झालं की मी जिना उतरून आधी तुम्हाला सांगते. इतकी वर्षं तसंच केलंय. आणि नेमकं हेच तुम्हाला सांगता येत नव्हतं. मग ते खरं झाल्यासारखं वाटायचंच नाही."

काकूंनी परात बाजूला ठेवली. मग दोघी रडल्या. दार उघडं होतं, जिन्यावरून इस्त्रीवाला कपडे घेऊन वर गेला आणि तसाच खाली आला, पण कुणी डोळे पुसायची घाई केली नाही.

बऱ्याच वेळानं काकूंनी पदरानं नाक पुसलं. "नोटीस दिलीस, मी घेतली. ते काम संपलं. आता घर घेतलंस ते सांग. सुरुवातीपासून सांग, काही गाळू नकोस. दारातून आत गेलं की आधी काय लागतं?"

टेपताईनं डोळे मिटले. "आधी छोटा व्हरांडा. मग मोठी खोली. खिडक्या मोठ्या आहेत काकू, खूप मोठ्या, पार छताजवळून सुरू होतात. आणि आमच्या घरी ना, सकाळचं ऊन थेट स्वयंपाकघरात येतं."

"आमच्या घरी" हे तिच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं होतं. तिला स्वतःला ते कळलं नाही. काकूंना कळलं. त्यांनी तिचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "मग? पुढे?"