पायाळूच्या डोळ्यांत सुरमा

पिंपळगाव राजात कुणाच्या कंबरेत उसण भरली की तो पुंजाजीच्या ओट्यावर जाऊन पालथा पडे. पुंजाजी पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेला. अशा माणसाची हलकी लाथ बसली की उसण जाते आणि त्याच्या डोळ्यांत अंजन घातलं तर जमिनीतलं धन त्याला दिसतं, यात गावाला शंका नव्हती. साठी गाठेपर्यंत पुंजाजीनं लाथा भरपूर मारल्या, अंजन मात्र कधी घातलं नाही. काहीच दिसलं नाही तर गावात तोंड कसं दाखवायचं, ही धास्ती. आणि खरंच दिसत असेल का, या विचारानं झोप नाही.

शेवटी वेळ आणली ती दोस्तांनी. वामनराव खामगावच्या कापसाच्या जिनातली नोकरी संपवून गावी परतला होता आणि त्याच्या रिकाम्या डोक्यानं एकच धोशा लावला होता, की ओढ्यापलीकडच्या उजाड गावठाणात धनाचा हंडा आहे. हबीब पिंजाऱ्यानं जळगाव जामोदच्या बाजारातून सुरमा आणला. अंजन मांत्रिकाचंच पाहिजे, असं वामनराव कुरकुरला. डोळ्याला काय कळतं कुणी दिलं ते, असं म्हणून हबीबनं त्याला गप्प केलं.

सकाळीच तिघं कुदळी घेऊन निघाले. सुरमा पडताच पुंजाजीचे डोळे असे झोंबले, की हंडा राहू द्या, समोरचा वामनरावही दिसेना. दोघं श्वास रोखून उभे होते. पुंजाजीनं आपलं लिंबाखाली बोट केलं, निदान सावलीत खणता तरी येईल.

दुपारपर्यंत दगडं निघाली आणि एक फुटका रांजण निघाला. पुंजाजीनं दाखवलंय म्हणजे असणारच, असं म्हणत दोस्त खणत राहिले. ते पाहून पुंजाजीला रडायचंच काय ते बाकी होतं.

तेवढ्यात त्याची थोरली बहीण भाकरी घेऊन आली. गोजरबाई दिवाळीला माहेरी आलेली. खड्डा कशाचा ते कळलं तशी ती हसत हसत खालीच बसली.

"पायाळू मी आहो," ती म्हणाली. "तू त डोक्यानंच आला होता. पोरीच्या लग्नात आडकाठी येईन म्हणून मायनं तुह्यं नाव पुढं केलं. आता माही सासूही गेली, मी कोणाले भेऊ?"

वामनरावानं कुदळ खाली टाकली. धरणी पोटात घेईल तर बरं, असं पुंजाजीला झालं. साठ वर्षांचा मान एका बोलण्यात गेला होता. त्याला बहिणीचा राग आला, मायचा आला, पण त्याच्याही आधी दुसराच किडा डोक्यात वळवळला.

"मंग तू कधी घालून पाह्यलं का?"

"मले कोनं इचारलं?" गोजरबाई म्हणाली. आता ती हसत नव्हती.

पुंजाजीनं हबीबच्या हातातून सुरमेदाणी घेतली आणि तिच्यापुढं धरली. तिनं दोन्ही डोळ्यांत सुरमा घातला. पाणी घळाघळा वाहू लागलं, पण डोळे तिनं मिटले नाहीत. पदर खोचून ती उभी राहिली आणि सावकाश चहूकडं पाहू लागली. वामनराव काही विचारणार होता, त्याला पुंजाजीनंच दटावलं. गाव आजवर जसं त्याच्या तोंडाकडं पाहत आलं होतं, तसा तो बहिणीच्या तोंडाकडं पाहत होता.

बऱ्याच वेळानं गोजरबाईनं ओढ्याच्या काठाकडं हात केला.

पुंजाजीनं सगळ्यांच्या आधी कुदळ उचलली.