पहिल्या काडीची चूल

मित्रांनो, मी एक जुनी बिडाची चूल आहे. चिली देशातल्या चिलोए बेटावरच्या एका लाकडी घरामागे, जळण ठेवायच्या छपरात मी आता उभी असते. माझ्या डाव्या अंगाला गंज चढला आहे, एक पाय विटेवर टेकला आहे आणि माझ्या भट्टीला, म्हणजे जाळाच्या कप्प्याशेजारच्या भाजायच्या कप्प्याला, दार नाही. ते का नाही, हेच मला तुम्हाला सांगायचे आहे. ही गोष्ट माझ्या मोठेपणाची नाही, हे आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका ओतकामाच्या कारखान्यात झाला. बोटीतून मला बेटावर आणले तेव्हा समुद्र खवळलेला होता आणि मी बटाट्यांच्या पोत्यांना दोरखंडाने बांधलेली होते. किनाऱ्यावरून बैलांनी मला ओढत वर नेले. घरची दोन्या, म्हणजे मालकीणबाई, एदेल्मीरा तेव्हा नवी नवरी होती. तिने माझ्यात उल्मोच्या लाकडाच्या चार ढलप्या घातल्या आणि काडी ओढली. मी लगेच पेटले. ती नवऱ्याला म्हणाली, "ही पहिल्या काडीची आहे हं."

त्या एका वाक्याने माझे डोके फिरले. आमच्याकडे ओल इतकी, की वर्षभर वाळत ठेवलेले लाकूडही आतून घामेजलेले असते. शेजारच्या सिस्तोच्या घरी चूल पेटवायची म्हणजे अर्धा तास फुंकायचे, खोकायचे आणि मग एकमेकांवर चिडायचे. आमच्या घरी एक काडी, की जाळ! लोक बाकावर बसून माते नावाच्या पाल्याचा कडू काढा पीत, माझे कौतुक करीत, आणि मी फुगून जाई. चाळीस वर्षे मी बटाट्याच्या जाड भाकऱ्या, मिल्काव, भाजल्या, लोकरीचे मोजे वाळवले, थंडीने अर्धमेली झालेली कोकरे जगवली, एदेल्मीराच्या नवऱ्याच्या शेवटच्या आजारात रात्र रात्र पाणी गरम ठेवले. पण अभिमान मला या कशाचाच नव्हता. अभिमान होता तो पहिल्या काडीचा.

मग सेनिसा आली. सेनिसा म्हणजे राख, आणि मांजर होतीही राखेच्या रंगाची. एदेल्मीराची नात यास्ना हिने तिला मासळीच्या धक्क्यावरून स्वेटरच्या आत घालून आणले. यास्ना तेव्हा सहा वर्षांची होती. तिची आई दूरच्या शहरात नोकरीला, बाप हेरिबेर्तो समुद्रात मासे पाळतात तिथे पाळीने कामाला, त्यामुळे पोर आजीपाशीच वाढत होती. आता आजीपाशी दोघी झाल्या.

मांजर कशी झोपते हे तुम्हाला ठाऊक आहे असे तुम्हाला वाटत असेल. पण तुम्ही स्वतः झोपलेले असता. मी रात्रभर जागी असे, म्हणून मला विचारा. जेवणे झाली की सेनिसा बाकाखाली बसून अंग चाटायला घेई. आधी उजवा पंजा, मग कान, मग पोट, आणि शेपटी सगळ्यात शेवटी. मध्ये कोणी हाक मारली तर पुन्हा उजव्या पंजापासून सुरुवात. मग ती खिडकी पाहून येई, बाहेरचे दार हुंगून येई, एदेल्मीराच्या खाटेखाली डोकावे. सगळी माणसे जागच्या जागी आहेत अशी खात्री झाली, की माझ्यासमोर येऊन बसे आणि एकटक पाहत राही.

शेवटचे लाकूड निखारे होऊन खाली बसले, की एदेल्मीरा माझ्या भट्टीचे दार उघडी. उरलेली ऊब रात्री घरात फिरावी म्हणून ते उघडे ठेवायची आमच्याकडे रीतच आहे. आत ती लोकरीचे एक जुने फडके पसरी. सेनिसा लगेच आत शिरत नसे. ती एक पंजा माझ्या लोखंडावर टेकवी, मागे घेई, थांबे, पुन्हा टेकवी. दुसऱ्यांदा पटले तरच आत. मग फडके पंजांनी तुडवायचे, अडीच फेऱ्या घ्यायच्या आणि नाकावर शेपूट ओढून निजायचे.

तुम्ही म्हणाल, झाले. कुठले झाले! मध्यरात्री बाईसाहेब उठत. बटाट्यांच्या खोलीत उंदीर आहेत का ते पाहत. मग अंगात आल्यासारख्या ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत सुटत. का, ते मला दोन वर्षांत कळले नाही. हेरिबेर्तो घरी असला तर त्याच्या छातीवरून एक चक्कर असायचीच. मग पहाटेपूर्वी परत माझ्या पोटात. तिचे ते घरघरणे मला आतून ऐकू येई. मित्रांनो, खरे सांगते, जाळाने मला कधी तेवढे बरे वाटले नाही.

सकाळी सगळ्यांच्या आधी एदेल्मीरा उठे. जाळ करण्यापूर्वी ती सळईने माझ्या अंगावर तीनदा टकटक करी आणि म्हणे, "उठा बाईसाहेब, आता माझी पाळी." सेनिसा आळस देत बाहेर येई. मग भट्टीचे दार लागे आणि मग काडी.

दोन वर्षे असे चालले. मग समोरच्या लहान बेटावर एदेल्मीराची बहीण वारली. नऊ दिवसांच्या प्रार्थनेसाठी तिला जावे लागले. निघताना तिने यास्नाला सगळे नीट सांगितले. रात्री फडके, सकाळी टकटक, आणि मांजर बाहेर आल्यावरच चूल पेटवायला बापाला उठवायचे. यास्ना शहाणी मुलगी. चार दिवस तिने आजीसारखेच केले, बाईसाहेब म्हणण्यासकट.

पाचव्या दिवशी हेरिबेर्तोची बोट उशिरा लागली. एरवी आई त्याच्यासाठी दिवा ठेवून जागी असे. त्या रात्री अंधार होता. त्याचा गुडघा भट्टीच्या उघड्या दारावर सणकून आदळला. त्याने दात खात शिवी दिली, बुटाने दार लोटून लावले आणि कपड्यांसकट अंथरुणावर पडला. आत सेनिसाने झोपेत एक कान हलवला. मी मनात म्हटले, सकाळी टकटक होईलच.

पण सकाळी त्याला लवकरची बोट होती. यास्ना गाढ झोपेत असताना तो उठला, खांद्यावर टॉवेल टाकून माझ्यासमोर बसला. लाकडे ओली होती. त्याने ती माझ्या जाळाच्या कप्प्यात रचली आणि हसून म्हणाला, "चल म्हातारे, बघू तरी. आई सांगते तशी पहिल्या काडीची आहेस का अजून."

आता जे सांगते ते मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. मी विसरले नव्हते. सेनिसा आत आहे, हे मला पक्के ठाऊक होते. लाकूड ओले होते. मी धुमसले असते, तर कोणी नवल केले नसते. शंभर चुली त्या ओलीत धुमसतात. पण त्याने मला विचारले होते, अजून आहेस का. आणि मी पहिल्या काडीत पेटले.

"वा," तो म्हणाला. त्याने माझ्यावर किटली ठेवली आणि डुकरांना खायला घालायला बाहेर गेला.

माझा जाळ कडकडत होता. आतून पंजांचा आवाज येऊ लागला, मग ओरडणे. मी धूर मागे ओढायचा प्रयत्न केला, पण एकदा धुराड्याने ओढ घेतली की चुलीच्या हातात काही राहत नाही. यास्नाला पलंगावर ते ऐकू आले. ती अनवाणी धावत आली आणि फडके शोधण्यात वेळ न घालवता तिने उघड्या हाताने भट्टीची मूठ ओढली.

सेनिसा बाहेर उडाली ती थेट घराखालच्या अंधारात. तिच्या डाव्या कानाचे टोक गेले आणि पुढचे दोन्ही पंजे भाजले. यास्नाच्या तळहातावर माझ्या मुठीची पट्टी उमटली. ती अजून आहे.

तीन दिवस सेनिसा दिसली नाही. चौथ्या दिवशी ती लंगडत आली, आणि त्याच दिवशी एदेल्मीराही परतली. मांजरीचा कान आणि नातीचा बांधलेला हात पाहून तिने डोक्यावरचा रुमालही सोडला नाही.

"टकटक केली नाहीस?" तिने मुलाला विचारले.

"कसली टकटक, आई?"

एदेल्मीरा बाकावर बसली. "रोज करते मी," ती म्हणाली. "तुला कधी सांगितलंच नाही. तुम्ही सगळे झोपलेले असताना करायचं काम, ते तुला दिसणार तरी कसं? चूक माझीच."

"दार मी लावलं," हेरिबेर्तो म्हणाला. "गुडघ्याला लागलं, म्हणून लाथेनं लोटलं. आत वाकून बघायला काय जात होतं माझं?"

"मला जाग यायला हवी होती," यास्ना रडत म्हणाली. "आजीनं मला सांगितलं होतं, बाबांना नाही."

तिघांनी तो दोष एका भाकरीसारखा आपसात वाटून घेतला. माझ्या वाटणीला कोणी काही ठेवले नाही. उलट त्या संध्याकाळी एदेल्मीराने मला नेहमीसारखे पुसले, कड्यांना चरबी लावली. लाजेने मेल्याहून मेल्यासारखे होणे म्हणजे काय, ते त्या दिवशी मला कळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने काडी ओढली. मी धुमसले. दुसरी काडी, तिसरी काडी. चांगला पाव तास घर धुराने भरले आणि मग मी पेटले. त्यानंतर रोज तसेच. मनाशी ठरवले होते, की आता आधी धूर आणि मग जाळ. आत कोणी असेल तर त्याला ओरडायला आणि बाहेर कोणी असेल तर त्याला ऐकायला तेवढा वेळ पुरतो.

हेरिबेर्तोने धुराडे दोनदा उतरवून साफ केले. त्यात काही सापडले नाही. सिस्तोला तर वर्षानुवर्षांचे उट्टे काढायची संधी मिळाली. दारात उभा राहून तो म्हणे, "काय दोन्या एदेल्मीरा, तुमच्या पहिल्या काडीवालीला म्हातारचळ लागला वाटतं? माझी फुंकणी देऊ का?" मी ऐकून घेई. ऐकण्यासारखेच होते ते.

सेनिसा आता दाराजवळ बटाट्यांच्या पोत्यावर निजे, जिथून वारा आत येतो तिथे. अंग चाटणे तेच, खिडकी तीच, खाटेखाली डोकावणे तेच. फक्त माझ्यापाशी आली की ती भिंतीला अंग घासत, लांबून वळसा घालून जाई. एदेल्मीरा रात्री भट्टीचे दार उघडून फडके पसरीत राहिली. फडके सकाळी जसेच्या तसे असे. कडाक्याच्या थंडीत मला तिची पाठ कापताना दिसे आणि माझ्यातली ऊब रिकाम्या भट्टीतून वाया जाई.

शिवाय एक गोष्ट माझ्या उशिरा ध्यानात आली. धुराने एदेल्मीराच्या छातीत खोकला बसला होता. प्रायश्चित्त मी घेत होते आणि खोकत मात्र ती होती. चुलीची अक्कल ती केवढी!

म्हणून काही वर्षांनी नवी चूल आली तेव्हा मला दुःख झाले नाही. तिला काचेचे दार आहे, आतले सगळे बाहेरून दिसते. हेरिबेर्तो आणि सिस्तो यांनी मला ओढत छपरात आणले. सिस्तो गेल्यावर हेरिबेर्तो पाना घेऊन माझ्यासमोर बसला आणि भट्टीच्या दाराचे स्क्रू काढू लागला.

"आता कशाला काढता, बाबा?" यास्नाने विचारले. "हिच्यात कोण पेटवणार आहे?"

"कोणी नाही," तो म्हणाला. "तरी काढतो."

ते दार त्याने कुठे नेले, मला माहीत नाही.

छपरातला पहिला हिवाळा मी एकटीने काढला. कोंबड्या माझ्यावर बसत. लाकूड न्यायला येणारे माझ्याकडे पाहत नसत. धूर नाही, जाळ नाही, कामच नाही, म्हणून विचार करायला मात्र भरपूर वेळ होता. जाळ होण्याआधीचा तो एक क्षण मी किती वेळा आठवला, त्याला गणती नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात एका रात्री फार थंडी पडली. घराच्या मागच्या फटीतून सेनिसा बाहेर आली. ती आता म्हातारी झाली आहे, पावले जपून टाकते. छपरात येऊन ती माझ्यासमोर बसली आणि बराच वेळ एकटक पाहत राहिली. मग तिने एक पंजा माझ्या लोखंडावर टेकवला. मी वर्षाहून अधिक काळ गार पडले होते, मित्रांनो, तरी तिने तो मागे घेतला. थांबली. पुन्हा टेकवला. मग ती आत आली. तुडवायला फडके नव्हते, तरी तिने लोखंड तुडवले, अडीच फेऱ्या घेतल्या आणि नाकावर शेपूट ओढली. हळूहळू माझ्या पोटात एक लहानशी जागा ऊबदार झाली. ती ऊब माझी नव्हती, तिची होती.

सकाळी यास्ना जळण न्यायला आली. आता ती चांगली उंच झाली आहे. तिला सेनिसा दिसली. दार नाही, जाळ नाही, कुणाला उठवायचे कारण नाही. तरी तिने एक ढलपी उचलून माझ्या अंगावर हलकेच तीनदा टकटक केली. "उठा बाईसाहेब," ती म्हणाली. बाईसाहेबांनी एक डोळा उघडला आणि मिटला. यास्ना पलीकडच्या ढिगातली लाकडे घेऊन गेली.

मला क्षमा मिळाली, असे मी म्हणणार नाही. मांजरी क्षमाबिमा करीत नाहीत, त्यांना निजायला कोरडी जागा लागते. पण मित्रांनो, तुमच्याकडे माझे एक मागणे आहे. कुठलेही दार लावण्याआधी वाकून आत पाहा. सगळे झोपलेले असताना तुम्ही जे जपता, ते घरात प्रत्येकाला सांगून ठेवा. आणि कोणी तुमच्या कौतुकाची काडी ओढली, तर लगेच पेटू नका. थोडे धुमसा. तेवढ्या वेळात आतला आवाज ऐकू येतो.

आज रात्रीही थंडी आहे. सेनिसा येईल. माझ्याकडे लावायला दार नाही, याचे मला बरे वाटते.