कर्ज नाहीतर गारठा

चोपन्नाव्या वर्षी आईने कर्ज काढून शिकायचं ठरवलं, आणि जामीन म्हणून सही लेकीने करायची होती.

"कशाचं शिक्षण?" असं बँकेतल्या बाईने दोनदा विचारलं. "एसी आणि हीटिंगचं," लेकीने दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना आपण चोरी कबूल करतोय असं तिला वाटलं.

बाबांना जाऊन चार महिने झाले होते. दुकान होतं, गिऱ्हाईकं होती, हत्यारं भिंतीवर ओळीने टांगलेली होती. नव्हता तो परवाना. तो बाबांच्या नावावर होता आणि त्यांच्याबरोबरच संपला. परवान्याशिवाय मशीनमध्ये भरायचा गॅस विकतसुद्धा मिळत नाही. आई इतकी वर्षं दुकानात फोन घ्यायची, बिलं करायची, फिल्टर धुवायची. शिडीवर ती कधी चढली नव्हती.

"दुकान विक आणि माझ्याकडे ये," लेक म्हणाली.

"तुझ्याकडे येऊन काय करू? तुझ्या नवऱ्याचे मोजे जोडीने लावू?"

"विश्रांती घे."

"विश्रांती तुझे बाबा घेताहेत. घरात एक पुरे."

लेकीने जेवणाच्या टेबलावर हिशोब मांडला. फी साडेचार लाख. शिकायची दोन वर्षं कमाई शून्य, व्याज मात्र चालू. पुढे सात वर्षं हप्ते. "शेवटचा हप्ता भरशील तेव्हा त्रेसष्टची असशील, आई. गुडघे आत्ताच कुरकुरतात तुझे."

"हप्ते बसून भरतात. गुडघ्यांचा काय संबंध?"

"शिडीचा आहे!" लेकीने कपाळाला हात लावला. "दुसरा रस्ता आहे ना. परवाना असलेल्या कुणाच्या तरी हाताखाली तीन वर्षं काम कर. शिकशीलही, पगारही मिळेल, मग थेट परीक्षा. छदामाचं कर्ज नको."

"कुणाच्या हाताखाली?"

लेक हिशोबाच्या कागदाची घडी घालू लागली. या भागात बाबांशिवाय परवाना असलेला एकच माणूस होता, रस्त्यापलीकडचा दुकानदार. बाबांनी त्याचं नाव गारठा ठेवलं होतं, कारण तो कधी हसायचा नाही. एका शाळेचं काम त्याने कमी दर सांगून पळवलं आणि तेव्हापासून दोन्ही दुकानांत अबोला. सकाळी समोरासमोर शटर उघडताना दोघंही आभाळात काहीतरी शोधायचे.

"गारठ्याच्या? त्यापेक्षा कर्ज बरं," आई म्हणाली.

"अगं, साडेचार लाखांचा रुसवा परवडतो का कुणाला? आणि तो तुझा तरी आहे का? बाबांचा आहे!"

"त्यांचं होतं ते सगळं आता माझ्याकडेच आलंय."

यावर लेकीकडे उत्तर होतं. पण रडल्याशिवाय ते देता आलं नसतं, म्हणून तिने भांडी घासायला घेतली.

संस्थेच्या प्रवेश विभागात टाय लावलेला एक तरुण बसला होता. त्याने बँकेचा जामिनाचा कागद पुढे सरकवला, वर गुळगुळीत माहितीपुस्तक ठेवलं आणि त्यातल्या एका आकड्यावर बोट ठेवलं. "ही आमच्या विद्यार्थ्यांची सरासरी कमाई. दोन-तीन वर्षांत कर्ज सहज फिटतं."

"कुठल्या विद्यार्थ्यांची?" लेकीने विचारलं.

"पास होऊन नोकरीला लागलेल्यांची."

"आणि मधेच सोडणाऱ्यांची?"

"ते सरासरीत धरत नाहीत, मॅडम."

"बँक धरते ना त्यांना?"

तरुण हसला. असल्या प्रश्नांवर हसायचं, हेही त्याला शिकवलेलं असावं. आई म्हणाली, "वाद घालू नकोस, सही कर." लेकीने पेन उघडलं. आईला नाही म्हणायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. या वर्षात तिने एकदाच कुणाला जीव तोडून नाही म्हटलं होतं, बाबांची आशा सोडा म्हणणाऱ्या डॉक्टरांना, आणि त्याचा काही उपयोग झाला नव्हता.

"म्हणजे कोर्स झाला की परवाना हातात ना?" आईने विचारलं.

"जवळजवळ. त्याआधी एक वर्ष परवानाधारकाच्या हाताखाली अनुभव घ्यावा लागतो. तुमच्या भागातला कुणीही चालेल. थांबा, बघतो." त्याने स्क्रीनवरून पत्ता वाचला. "एकच दिसतोय. तुमच्या दुकानासमोरच की! छान झालं."

आईने त्याला पत्ता पुन्हा वाचायला लावला.

लेकीने पेनला टोपण लावलं. "म्हणजे साडेचार लाख मोजून, दोन वर्षं घालवून, शेवटी जायचं त्याच दारात! द्राविडी प्राणायाम म्हणतात तो हाच. आई, तिथे फुकट जाता येतं गं. रस्ता ओलांडून!"

"ओरडू नकोस. ऐकू येतं मला," म्हणत आई उठली.

त्या दुपारी दोघी रस्ता ओलांडून गेल्या, तेव्हा गारठा पंख्याची मोटर उघडून बसला होता, चष्मा कपाळावर. आई दारातूनच म्हणाली, "मला काम हवंय. तीन वर्षं. शिकवायचं आणि पगारही द्यायचा."

त्याने मोटर बाजूला ठेवली. हात पुसायला त्याला बराच वेळ लागला. "वहिनी, ते गेले त्या दिवशी मी आलो होतो. तुमच्या दारापर्यंत. आत यायला तोंड नव्हतं."

"ते राहू दे. पगार किती?"

"बारा हजार."

"बारा? शाळेला सांगितलेला दर मलाही लावताय वाटतं."

गारठ्याच्या ओठाचा एक कोपरा हलला. "पंधरा. पण शिडी चढावी लागेल."

"चढेन. सकाळी तुमच्याकडे, दुपारनंतर माझं दुकान उघडं राहणार. माझी गिऱ्हाईकं माझीच. त्यांचं गॅसचं काम तेवढं तुम्ही करायचं, त्याचे पैसे तुमचे."

"म्हणजे माझ्याच दुकानात येऊन तुम्ही मला कामावर ठेवताय!"

"आई, तू जरा..." लेकीने तोंड उघडलं.

"तू थांब गं," दोघंही एकदम म्हणाली.

ती बाहेर फुटपाथवर आली. इतक्या वर्षांत बाबांचं दुकान या बाजूने तिने कधी पाहिलंच नव्हतं. इथून पाटीवरचं अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. ती ते वाचत उभी राहिली. आत सोळावर घासाघीस चालली होती, आणि आई एक पाऊल मागे यायला तयार नव्हती.