मनोगतातलं गाळलेलं वाक्य

ब्रेल ग्रंथालयात तपासणी जोडीनं चालते. अंध वाचक बोटांनी मोठ्यानं वाचतो आणि पुस्तक ब्रेलमध्ये उतरवणारा लेखनिक समोर छापील प्रत धरून ताडून बघतो. मुखपृष्ठापासून लेखकाच्या मनोगतापर्यंत लेखनिकानं एक अक्षर गाळायचं नाही. लेखनिक निशिवाकी चिझुरूनं हा नियम एकवीस वर्षं पाळला आणि गेल्या मंगळवारी मुकाट्यानं मोडला.

पुस्तक होतं कादंबरीकार हिरोनुमांचं, ताऱ्यांकडे निघालेल्या जहाजाच्या कादंबरीमालेचा पाचवा भाग. तिचा अकरा वर्षांचा मुलगा अकितो जन्मल्यापासून अंथरुणाला खिळून होता. पहिले चार भाग तिनं त्याच्या उशाशी बसून वाचले होते. तो हसायचा. आता या भागाच्या मनोगतात हिरोनुमा लिहीत होते, की जन्मतः अधू माणसांना जगवत ठेवणं ही समाजाची उधळपट्टी आहे. तिला रडू आलं नाही, रागही आला नाही. तेवढं वाक्य सोडून तिनं पुढचं टाईप केलं.

तपासणीला कुमेसान बसले. त्र्याहत्तर वर्षांचे, जन्मांध, आणि हिरोनुमांचे इतके भक्त की ऐकणाऱ्याला लाज वाटावी. मनोगतात त्यांचं बोट अडलं.

"निशिवाकीसान, इथं काहीतरी तुटलंय. 'म्हणूनच माझ्या जहाजात मी त्यांना घेतलं नाही.' कुणाला?"

तिनं छापील वाक्य वाचून दाखवलं. दूध आणायला सांगावं तसा तिचा आवाज सपाट होता.

कुमेसाननी बोट त्या जागेवरच ठेवलं. "का गाळलंत?"

"तुम्हाला लागेल म्हणून."

"वा! डोळस लोक दुकानातून आणून सगळं वाचणार, आणि आमच्या ताटात निवडून वाढणार होय?"

"कादंबरी चांगली आहे हो. ती आणि हे वेगळं."

"असेल. पण ते माझं मी ठरवीन ना? तुम्ही कोण?"

तिनं वाक्य घातलं, पान पुन्हा छापून आणलं. त्यांनी ते दोनदा वाचलं.

"बरोबर. आता खाली तुमचं नाव."

काही गाळलेलं नाही याची हमी म्हणून शेवटी लेखनिकाचं नाव घालतात.

"या खेपेला नको, कुमेसान."

"मग मी कुणाच्या भरवशावर वाचायचं?"

तिनं नाव टाईप केलं. त्या मजकुराखाली, तिच्याच हातानं, अकितोच्या आईचं नाव लागलं. तेव्हाही तिला काही वाटलं नाही, आणि त्याचीच तिला भीती वाटली.